रत्नागिरीत उतरा, परस्पर पुळ्याला जाऊ नका

नमस्कार मंडळी! सुट्ट्या जवळ आल्यात, कोकणचे प्लॅन सुरू झाले असतील. पण होतं काय, हायवेवरून येणाऱ्या बऱ्याच गाड्या निवळी फाट्यावरनंच गणपतीपुळ्याकडे वळतात, दर्शन, मोदक, बीचवर फोटो की परत घरी, आणि रत्नागिरी शहर राहूनच जातं. माझं म्हणणं एवढंच की मुक्काम शहरात करा आणि पुळ्याला अर्धा दिवस द्या. उलटं करू नका.

सकाळी लवकर उठायची तयारी असेल तर पहिलं मिरकरवाडा बंदर. जुनी चप्पल घाला, खाली सगळीकडे पाणी, बर्फाचे तुकडे आणि खवलं असतात, वासाचं काही सांगत नाही, तो असणारच. होड्या लागल्या की पाट्या उतरतात, बांगडा, सुरमई, म्हाकूल, कोळंबी, आणि सौदा असा झटपट तुटतो की आपल्याला भाव कळेपर्यंत पाटी टेम्पोत चढलेली असते. मोबाईल धरून मधेच उभं राहू नका हां, तिथल्या बायका चांगलं सुनावतात, आणि बरोबरच आहे, त्यांचा धंद्याचा टाइम आहे. तर तिथं काय जास्त आलंय ते बघून ठेवायचं आणि दुपारी खानावळीत तेच मागायचं. लोक मेन्यू कार्ड बघून पापलेटच पाहिजे म्हणून अडून बसतात, अहो बांगडा ताजा असेल तर त्याचं तिरफळ घातलेलं तिखलं, भाकरी आणि वर सोलकढी, अजून काय पाहिजे? आता 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, त्यामुळे पावसात येणार असाल तर ताज्या मासळीची फार आशा नको, तेव्हा सोड्यांची, म्हणजे सुकवलेल्या कोळंबीची आमटी खा. शाकाहारी मंडळींनी मार्च-एप्रिलमध्ये यावं, ओल्या काजूगरांची उसळ मिळते, ती मिळाली की मासे खाणारेपण वळून बघतात.

जेवण झालं की थिबा पॅलेस. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी 1885 मध्ये गादीवरून काढलं आणि पुढच्या वर्षी इथं आणून ठेवलं. हा वाडा त्याच्यासाठी बांधला खरा, पण तो राहायला आला 1910 मध्ये आणि 1916 मध्ये वारला, म्हणजे एवढा मोठा वाडा आणि वाट्याला सहा वर्षं! जांभ्या दगडाचं लालसर बांधकाम, सागवानी काम, कोरीव खिडक्या, आत म्युझियम आहे, फक्त सोमवार टाळा. राजाची समाधीपण गावातच आहे, 2012 मध्ये म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन तिथं येऊन गेले. आपण मात्र बाजूने स्कूटर काढून निघून जातो.

तिथनं थिबा पॉइंट जवळच. खाली काजळी नदीची खाडी, भाट्याचा पूल आणि पलीकडे भाट्याचा लांबलचक किनारा. टिळकांचं जन्मघर आणि 1931 चं पतितपावन मंदिर बाजारपेठेच्या जवळपासच आहे, जाता जाता होऊन जातं. हे मंदिर भागोजीशेठ कीरांनी पैसा घालून बांधलं आणि सगळ्या जातींना उघडं ठेवलं, हे मुलांना जरूर सांगा.

संध्याकाळ कुठे घालवायची यावर आमच्यात कायम वाद. मांडवीला काळसर वाळू, भेळेच्या गाड्या, गर्दी. भाट्याला सुरूची झाडं आणि पाय मोकळे करायला भरपूर जागा. मला विचाराल तर रत्नदुर्ग किल्ला. तिन्ही बाजूंनी समुद्र, आत भगवतीचं देऊळ, तटावर बसलं की सूर्य समोरच बुडतो, वारा एवढा की टोपी हातात धरावी लागते.

दुसऱ्या दिवशी पुळ्याला जाताना हायवे नको, आरे-वारेचा रस्ता घ्या. एका वळणावर घाटातून खाली दोन्ही किनारे एकदम दिसतात, गाडी नीट बाजूला लावून बघा. पण पाण्यात पोहायला उतरू नका, मनापासून सांगते, तिथं माणसं बुडाली आहेत. ओढ वरून कळत नाही आणि ओहोटीला तर अजिबात विश्वास ठेवू नये.

रेल्वेने येणार असाल तर मांडवी एक्स्प्रेस आहे, जनशताब्दी आहे, स्टेशन गावाबाहेर कुवारबावला, तिथनं रिक्षा नाहीतर एसटी. एप्रिल-मे मध्ये येणार असाल तर बुकिंग आधीच करा, तेव्हा मुंबईचे चाकरमानीपण गावी येतात. आणि आंबे घेताना पेटीतला फक्त वरचा थर बघून पैसे देऊ नका, खालचे एक-दोन काढायला सांगा, देठाजवळ वास घ्या. ज्याचा माल चांगला असतो तो स्वतःच पेटी उलगडून दाखवतो.