जामठ्यावरून दिसणारे विक्रम

मंडळी, २०१८ चा मार्च आठवा. जामठ्याला, म्हणजे नागपूरच्या आपल्या क्रिकेट मैदानावर, इराणी करंडकाचा सामना चालू होता. नागपूरचं मार्चातलं ऊन मी तुम्हाला सांगायला नको. त्या उन्हात, नुकताच चाळिशीचा झालेला वसीम जाफर विदर्भासाठी फलंदाजी करत होता आणि दमायचं नाव घेत नव्हता. २८६ धावा काढल्या त्याने. पुढच्या रणजी मोसमात आणखी १,०३७. निवृत्त झाला तेव्हा रणजीतल्या त्याच्या धावा झाल्या होत्या १२,०३८.

हा आकडा कुणी गाठेल, असं मला वाटत नाही. जाफरइतके गुणी फलंदाज पुढेही होतील. पण त्यांना रणजीचे दीडशेहून जास्त सामने खेळायला मिळणार कधी? जाफरची शेवटची कसोटी एप्रिल २००८ मधली आणि आयपीएल सुरू झालं तेही त्याच महिन्यात. भारतीय संघाचं दार बंद झालं, म्हणून पुढची बारा वर्षं तो आधी मुंबईला आणि मग आपल्याला लाभला. राजिंदर गोयलांचंही तसंच. डावखुऱ्या फिरकीत समोर बिशनसिंग बेदी होते, त्यामुळे गोयलांना एकही कसोटी मिळाली नाही आणि रणजीत सहाशेच्या वर बळी जमले. या थोर आकड्यांच्या तळाशी एकेक नाकारलेली संधी आहे. मला हे फार लागतं.

इंग्लंडच्या विल्फ्रेड ऱ्होड्सचे प्रथम श्रेणीतले बळी ४,२०४, सामने हजाराच्या वर. आज काउंटी चॅम्पियनशिपमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या रणजीत, एका संघाला वर्षाला चौदा सामने मिळतात. हिशोब तुम्हीच करा, सत्तर-ऐंशी वर्षं खेळावं लागेल.

पण माझा जीव अडकलाय तो आपले डावखुरे फिरकी गोलंदाज बापू नाडकर्णी यांच्या विक्रमात. जानेवारी १९६४, मद्रास, समोर इंग्लंड. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी एकही नाही. त्यात सलग २१ षटकं निर्धाव. सलग १३१ चेंडूंवर धाव नाही! टी-ट्वेंटीचा अख्खा डाव १२० चेंडूंचा असतो, हे लक्षात घ्या. बापू सरावात खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे, असं सांगतात. त्या मालिकेतल्या पाचही कसोट्या अनिर्णित राहिल्या. सामना वाचवणं हे तेव्हा मानाचं काम होतं आणि फलंदाजालाही चेंडू नुसता अडवण्यात कमीपणा वाटत नसे. असा विक्रम गोलंदाज एकटा करू शकत नाही, समोरच्यानेही तितकाच धीर धरावा लागतो. आज धावफलक तीन षटकं हलला नाही, तर फलंदाज चौथ्यात पुढे सरसावून फटका मारतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं.

मागच्या महिन्यात इथल्याच एका मैदानावर डावखुरी फिरकी टाकणारा एक पोरगा भेटला. हात सुरेख, टप्पा अचूक. मी त्याला बापूंची गोष्ट सांगितली, खिशातलं नाणं काढून खेळपट्टीवर ठेवलं. सहापैकी दोनदा त्याने ते उडवलं. मग नाणं मला परत देत म्हणाला, "पण सर, एकवीस ओव्हर मले देणार कोन? आमच्या टुर्नामेंटमध्ये तं चारच भेटते."