राखणीला जाताना काडतुसं किती?

[दृश्य: तिन्हीसांज. डोंगराच्या पायथ्याला भाताचे कुणगे. बांधालगत लाकडी माळा.]

सप्टेंबर सरता सरता कोकणात भात निसवतं, दाण्यात दूध भरतं आणि डुकरं खाली उतरायला लागतात. कळप एकदा कुणग्यात शिरला की खातो थोडं आणि लोळवतो फार. सिंधुदुर्ग-रत्नागिरीत शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या बंदुका आहेत त्या याचसाठी. आणि माळ्यावर चढण्याआधी दरवर्षी तोच प्रश्न निघतो: काडतुसं किती घ्यायची?

'असतील तेवढी घे' हे घरचं उत्तर. आमचं उत्तर असं: दुनळी असेल तर अंगावर सहा आणि डब्यात चार. एकनळी असेल तर अंगावर चार आणि डब्यात चार. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू आणि छर्रे ठासून भरायच्या बंदुकीचा हिशोब निराळा आहे, तो पुढे येईल.

[दृश्य: टेबलावर परवान्याची पुस्तिका आणि वन विभागाचा लेखी आदेश, शेजारी शेजारी.]

पण काडतुसांच्या आधी कागद. बंदुकीचा परवाना म्हणजे डुक्कर मारायची परवानगी नव्हे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधली दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली, तेव्हापासून रानडुक्कर अनुसूची दोनमध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या यादीत आहे. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक, किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी, लेखी आदेश देऊ शकतो. तो आदेश ठरावीक क्षेत्रातल्या ठरावीक प्राण्यापुरता किंवा कळपापुरता असतो. तो नीट वाचावा, कारण काडतुसांची पहिली मर्यादा तिथेच लिहिलेली असते. आदेश एका डुकराचा असेल तर दहा काडतुसांचा पट्टा कमरेला बांधून काय साधणार? शिवाय काळोखात कुणग्यातली काळी आकृती गव्याचीही असू शकते, आणि गवा अनुसूची एकमध्ये, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीत आहे. बॅटरीच्या उजेडात जनावर ओळखता आलं नाही, तर चापावर बोट जाता कामा नये.

दुसरी मर्यादा शस्त्र परवान्यावर. एका वेळी जवळ किती काडतुसं ठेवायची आणि वर्षाला किती घ्यायची, हे तिथे लिहिलेलं असतं. दुकानदार प्रत्येक खरेदीची नोंद करतो. चाचणीला उडवलेली, न फुटलेली, ओलीने खराब झालेली, सगळी त्याच वर्षाच्या कोट्यातून जातात.

[दृश्य: हातावर एक बारा बोअरचं काडतूस. मग कापलेलं काडतूस: टोपी, दारू, बूच, छर्रे.]

बोअर हे नळीच्या जाडीचं माप, आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक. बारा बोअरचं भरलेलं काडतूस पंचेचाळीस ते पन्नास ग्रॅमचं. वीस काडतुसं म्हणजे साधारण किलोभर. त्यामुळे ओझं हे काही कमी नेण्याचं कारण नाही, पन्नासही सहज नेता येतील. आकडा ठरतो तो उडवता येण्याजोग्या बारांवरून, आणि ते बार फार थोडे असतात.

का, ते पाहू. बिथरलेलं डुक्कर ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास पळू शकतं, म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. एकनळी मोडायची, म्हणजे बिजागरीतून उघडायची, रिकामी नळकांडी काढायची, नवं काडतूस सरकवायचं, बंदूक मिटायची, पुन्हा खांद्याला लावायची. दिवसाउजेडी सरावलेल्या हाताला यात चार-पाच सेकंद जातात आणि काळोखात त्याहून जास्त. पाच सेकंदांत डुक्कर पंचावन्न मीटर पुढे गेलेलं असतं. एकनळीने एका भेटीत एकच बार मिळतो, दुनळीने दोन. तिसरा बार पळत्या जनावराच्या मागे, अंदाजाने, टप्प्याबाहेर जातो. जखमी डुकरं रानात शिरतात ती बहुधा अशाच बारांनी.

[दृश्य: चांदमारी. पंधरा, वीस आणि तीस मीटरवर कागदी ताव. प्रत्येकावर पंचवीस सेंटीमीटर व्यासाचं वर्तुळ.]

आता टप्पा. डुकराला आपल्याकडे एलजी, म्हणजे मोठ्या छर्‍यांचं काडतूस वापरतात. एलजीचा एक छर्रा नऊ मिलिमीटरचा, साडेचार ग्रॅमचा. भरणीच्या वजनाप्रमाणे काडतुसात सहा ते आठ बसतात, आपण सहा धरू. छर्रे नळीतून सुटले की पसरत जातात. ढोबळ अंदाज असा की दर मीटरला अडीच सेंटीमीटर. पंधरा मीटरवर घेर सुमारे सदतीस सेंटीमीटर, वीसवर पन्नास, तीसवर पंचाहत्तर.

डुकराच्या पुढच्या पायामागे काळीज-फुप्फुसाची जागा साधारण पंचवीस सेंटीमीटरची. पंधरा मीटरवर त्या जागेच्या वाट्याला घेराचा जवळजवळ निम्मा भाग येतो, म्हणजे सहातले तीन छर्रे. वीस मीटरवर चौथा हिस्सा, एक किंवा दोन. तीस मीटरवर नववा हिस्सा, म्हणजे सरासरीने एक छर्राही नाही. घेराच्या मध्यभागी दाटी जास्त असल्यामुळे प्रत्यक्षात थोडे अधिक लागतात, पण वयात आलेल्या नराच्या खांद्यावर जाड कातडीची ढाल असते, ती एकट्या-दुकट्या छर्‍याला सहज दाद देत नाही. म्हणून आमची हद्द वीस मीटर. पंचवीस मीटरपर्यंत जायचं ते कागदावर स्वतःच्या नळीची चाचणी घेतली असेल तरच.

ती चाचणी टाळू नये. चोक (नळीच्या तोंडाची अरुंदी) बदलला, कंपनी बदलली, नुसता लॉट बदलला तरी घेर बदलतो. दुनळीच्या दोन नळ्यासुद्धा एकसारख्या मारत नाहीत. जवळच्या रायफल क्लबच्या चांदमारीवर परवानगीने प्रत्येक नळीतून वीस मीटरवर दोन-दोन बार काढले की कळतं. चार काडतुसं खर्ची पडतात. वर्षाची मागणी करताना ही चार आधी वेगळी काढावीत. बहुतेक जण ती वाचवतात आणि मग भर हंगामात दुप्पट घालवतात.

[दृश्य: माळ्यावरून दिवसा दिसणारं शेत. दोन बाजूंना रोवलेल्या दोन उंच काठ्या.]

दिवसा उजेडात माळ्यावर बसून बाराची दिशा ठरवावी. छर्रा किती दूर जातो याचं एक जुनं गणित आहे: छर्‍याचा व्यास इंचात घ्यायचा, त्याला बावीसशेने गुणायचं, उत्तर यार्डांत येतं. एलजीला ते सातशे मीटरच्या पुढे जातं. सहा नंबरच्या बारीक छर्‍याला दोनशे मीटर. वीस मीटरवरच्या डुकरावर झाडलेला, पण चुकलेला एलजीचा छर्रा सातशे मीटरवरच्या वाडीपर्यंत जाऊ शकतो. म्हणून माळा उंच हवा. तीन मीटर उंचीवरून वीस मीटरवर नेम धरला की छर्रे खाली चिखलात रुततात. मात्र मागे जांभ्याचा कातळ असेल तर तिथे बार नाही, कारण शिसं कातळावरून उसळतं आणि कुठेही जातं. घरं, पायवाट, कातळ या बाजू वगळल्या की उरलेल्या कोनाच्या दोन कडांना दोन काठ्या रोवायच्या. रात्री काठ्यांच्या पलीकडे डुक्कर आलं तर बॅटरी मारून हाकलायचं. कधी कधी काठ्या रोवल्यावर लक्षात येतं की डुकरं शिरतात तीच वाट कोनाबाहेर आहे. मग माळा हलवावा.

[दृश्य: खाटेवर मांडलेली दहा काडतुसं. एकेक उचलून जागेवर ठेवली जातात.]

आता वाटणी. दुनळीची सहा अशी: दोन नळीत, दोन उजव्या खिशात, पडलेल्या पण न मेलेल्या जनावराचे हाल थांबवायला. उरलेली दोन त्याच रात्री दुसर्‍या भेटीसाठी. कळपाने बार ऐकला की तो बहुधा त्या रात्री परतत नाही, पण एकटा नर पहाटे येऊ शकतो. एकनळीत हेच: एक नळीत, दोन खिशात, एक शिल्लक.

डब्यातली चार सोबत्याकडे किंवा मांगरात (शेतघरात), आणि रात्री त्यांना हात लावायचा नाही. ती सकाळच्या मागासाठी. डुक्कर जखमी होऊन रानात गेलं तर काळोखात मागे जायचं नाही. वनरक्षकाला कळवायचं, उजाडल्यावर रक्ताच्या थेंबांवरून माग काढायचा. जखमी नर झुडपात दबा धरून बसतो आणि पाच-सात मीटरवरून सुळे उगारून अंगावर येतो. त्या अंतरावर एलजीचे सगळे छर्रे वीतभर जागेत बसतात, त्यामुळे चार काडतुसं पुष्कळ झाली. पण ती असायला हवीत. रात्रीच सगळी संपवून सकाळी कोयता घेऊन मागावर जाणं हा शुद्ध वेडेपणा.

खिशाचा नियम सोपा: उजव्या खिशात फक्त एलजी, दुसरं काहीही नाही. किल्ल्या नाहीत, नाणी नाहीत, बारीक छर्‍याची काडतुसं तर नाहीतच. नळकांडीवरची छापील अक्षरं घामाने पुसट होतात आणि काळोखात तशीही वाचता येत नाहीत.

[दृश्य: बारा बोअरची नळी उभी कापलेली. आत अडकलेलं पिवळं वीस बोअरचं काडतूस.]

हे चित्र नीट पाहा. वीस बोअरचं काडतूस बारा बोअरच्या नळीत टाकलं तर ते चेंबरमधून, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेतून, पुढे घसरतं आणि नळी अरुंद होते तिथे अडकतं. मागून नळी रिकामी दिसते. माणूस त्यावर बारा बोअरचं काडतूस भरतो, चाप ओढतो, आणि नळी हाताशी फुटते. वीस बोअरची नळकांडी पिवळी करण्याची पद्धत यातूनच आली. घरात दोन्ही बोअरच्या बंदुका असतील तर काडतुसं दोन कुलपांत ठेवा. लांबीचंही तसंच. जुन्या बंदुकीचं चेंबर पासष्ट मिलिमीटरचं असेल तर सत्तरचं काडतूस आत बसतं, पण उडताना त्याचं तोंड उघडायला जागा उरत नाही आणि दाब धोक्याच्या पलीकडे जातो. नळीवर कोरलेला आकडा वाचावा. पुसला असेल तर बंदूक दुरुस्त करणार्‍याकडून मोजून घ्यावा.

पावसाळ्याचं बोलायचं तर कागदी नळकांडी ओल धरते, फुगते, चेंबरमध्ये अर्धवट शिरून बसते. प्लॅस्टिकची फुगत नाही, पण तिच्या पितळी बुडाला हिरवट गंज चढतो. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जुना लॉट आधी वापरायचा, एवढं पुरतं. सुकवायला म्हणून चुलीवरच्या शिंकाळ्यात काडतुसं ठेवणारे लोक आहेत. त्यांना हात जोडून सांगणं, ठेवू नका.

चाप ओढला आणि नुसतं 'खट्' झालं, तर नळी त्याच सुरक्षित दिशेला धरून तीस सेकंद थांबा. टोपी कधी कधी उशिरा पेट घेते. मग बंदूक मोडून काडतूस वेगळ्या डबीत ठेवा. ते मोजणीत राहतं, फेकायचं नाही. बार झाला पण आवाज फुसका आला, तर दुसरा बार काढण्याआधी बंदूक रिकामी करून नळीतून आरपार पाहा. बूच आत अडकलेलं असू शकतं.

[दृश्य: ठासणीची बंदूक, गज, टोप्यांची डबी, काचेच्या छोट्या नळ्या.]

ठासणीची बंदूक. शस्त्र कायद्यात पीकसंरक्षणासाठी मुळात हीच नमूद आहे. ती अपुरी आहे असं परवाना अधिकार्‍याला पटलं तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक मिळू शकते. इथे काडतुसं नाहीत, भरण्या मोजायच्या. बारा बोअरच्या जाडीच्या नळीला जुनं प्रमाण सव्वापाच ग्रॅम काळी दारू आणि बत्तीस ग्रॅम छर्रे. पुन्हा ठासायला मिनिटभर सहज लागतं, म्हणून रात्रीला तीन भरण्या आणि सहा टोप्या बस्स. टोप्या दुप्पट, कारण त्या बोटांतून निसटतात आणि काळोखात सापडत नाहीत. दारू घरीच मोजून बुचाच्या छोट्या नळ्यांत भरावी. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत ओतायची नाही, आधीच्या बाराची ठिणगी आत असेल तर शिंग हातात भडकतं. गजावर दोन खुणा कोरा, एक रिकाम्या नळीची, एक भरलेल्या नळीची. बंदूक आधीच ठासलेली आहे हे विसरून दुसरी भरण घालणं ही इथली नेहमीची चूक, आणि ती या दोन खुणांनी टळते.

डुकरांना नुसतं पिटाळायला हवेत बार काढणं आम्हाला पटत नाही. एलजी तर हवेत कधीच नको. त्यासाठी फटाके, डबे, बॅटर्‍या आहेत.

[दृश्य: सकाळ. मांगराच्या पायरीवर उघडी वही, शेजारी रिकाम्या नळकांड्या.]

सकाळी खाली उतरल्यावर मोजणी. वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, नेली, उडाली, फुटली नाहीत, परत आली. दहा नेली, दोन उडाली, एक फुटलं नाही, तर सात परत यायला हवीत. एक कमी भरलं तर माळ्याखाली गवतात शोधा, मुलांच्या हाती लागण्याआधी. रिकाम्या नळकांड्याही वेचून आणा. निवडणुकीच्या काळात बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायची नोटीस आली, तर पावतीवर काडतुसांची संख्याही लिहून घ्या, ती या वहीशी जुळली पाहिजे.

आणि डुक्कर मिळालं असेल तर त्याचं मटण होत नाही. कलम ११ खाली मारलेला वन्यप्राणी कलम ३९ प्रमाणे सरकारी मालमत्ता ठरतो. अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकार्‍याला कळवायचं, पंचनामा होऊ द्यायचा, आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे विल्हेवाट लावायची. पंचनाम्यात किती बार झाले हे विचारतात, तेव्हा वही पुढे ठेवा.