पागडीच्या इमारतींना दुरुस्तीचे खाते हवे

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन खोलीचा भाडेहक्क घेतलेल्या, इमारतींवरची आपली चर्चा भाडे किती कमी आहे या मुद्द्यापाशी येऊन थांबते आणि भाडेकरूची खरी तक्रार मागे पडते. ती तक्रार कारभाराची आहे. जिन्यातला दिवा कोणी बदलायचा, गच्चीवरची टाकी कोणी धुऊन घ्यायची आणि त्याचा पैसा कुठून यायचा, याचे उत्तर गिरगाव-लालबागच्या कितीतरी इमारतींत कोणाकडेच नसते. मला आज एका खात्याची मागणी मांडायची आहे. परंतु आधी आमच्या इमारतीतल्या एका पाइपाची हकीकत सांगणे भाग आहे.

इमारतीच्या मागच्या अंगाला सांडपाण्याच्या बिडाच्या पाइपाचा सांधा फुटला आणि पाणी भिंतीत मुरू लागले. मालकांचे मेहता, म्हणजे भाडेवसुलीचे कारकून, भाडेपावत्या घेऊन आले तेव्हा त्यांना ओल दाखवली. “मालकांच्या कानावर घालतो,” असे म्हणून ते पुढच्या खोलीकडे वळले. पत्रे लिहिली, त्यांना उत्तर आले नाही. महापालिकेत सांगण्यात आले की खासगी इमारतीची वाहिनी ही मालकाची जबाबदारी आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती पाहणाऱ्या म्हाडाच्या दुरुस्ती मंडळात कळले की मंडळ सांगाड्याची दुरुस्ती करते, फुटलेला सांधा त्यात बसत नाही. दोन्ही उत्तरे नियमाला धरून होती, म्हणूनच ती अधिक लागली. आमच्याकडच्या जुन्या इमारती लाकडी खांब-तुळयांवर उभ्या आहेत. लाकडाला सतत ओल लागली की ते कुजते आणि वाळवीही धरते, हे इथे बसलेल्या अनेकांनी आपल्याच घरात पाहिले असेल. भिंतीला फुगवटा आला, प्लॅस्टर पडू लागले आणि खालच्या मजल्यावरच्या आजी रात्री शेजारच्यांकडे झोपायला जाऊ लागल्या. शेवटी मंडळाने टेकू लावले, कारण आता काम खरोखरच सांगाड्याचे झाले होते. प्लंबरने एका दिवसात उरकले असते ते काम इमारत धोकादायक होईपर्यंत कोणाच्याच अखत्यारीत आले नाही, आणि या सगळ्या काळात आमच्यापैकी एकाचेही भाडे थकले नव्हते.

कायदा याबाबत गप्प नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 14 नुसार घर राहण्याजोगे ठेवणे हे मालकाचे कर्तव्य आहे. त्याने दुर्लक्ष केले, तर किमान 15 दिवसांची नोटीस देऊन भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापुढे जाऊ शकत नाही. महिना 200 रुपये भाडे असेल, तर वर्षाला 600 रुपये. एवढ्यात गवंडी जिना चढूनही येणार नाही.

मालकांची बाजू मी नाकारत नाही. 1940 च्या पातळीवर गोठवलेले भाडे अन्यायकारक ठरले आहे, हे सर्वोच्च न्यायालयानेही 1997 मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात मान्य केले, आणि नव्या कायद्याने दिलेली वर्षाला 4 टक्क्यांची वाढ त्या मानाने फारच तुटपुंजी आहे. पण त्याच 1999 च्या कायद्याने, कलम 56 मध्ये, पागडीच्या रकमेला मान्यता दिली. खोली एका भाडेकरूकडून दुसऱ्याकडे जाते तेव्हा मालक त्या रकमेतला मोठा वाटा घेतात, आणि तो वाटा अनेक वर्षांच्या भाड्याहून कितीतरी मोठा असतो. म्हणजे इमारतीतून पैसा निघतो, पण तो परत इमारतीत येत नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, म्हणून मुख्य मागणी थोडक्यात सांगतो. प्रत्येक पागडी हस्तांतरणात मालकाला मिळणाऱ्या रकमेचा ठरावीक हिस्सा इमारतीच्या नावाने उघडलेल्या दुरुस्ती खात्यात जमा करणे बंधनकारक व्हावे. खाते मालक आणि भाडेकरूंचे प्रतिनिधी यांच्या संयुक्त सहीने चालावे आणि त्याचा हिशोब कोणत्याही भाडेकरूला पाहता यावा. कलम 14 मधली मर्यादा भाड्यावर न बेतता दुरुस्तीच्या प्रत्यक्ष खर्चावर बेतावी आणि बहुसंख्य भाडेकरूंना एकत्र नोटीस देऊन सामाईक भागाचे काम करून घेता यावे. पुनर्विकासाचे नियम, दुरुस्तीसाठी घेतल्या जाणाऱ्या उपकराची रक्कम, रहिवाशांना तात्पुरते हलवतात त्या संक्रमण शिबिरांची अवस्था यांवर बोलायचे राहिले. पुनर्विकास व्हावाच, पण तो होईपर्यंत त्या इमारतींत माणसे राहत असतात.

या मागणीचा मसुदा आम्ही तयार करत आहोत. आपल्यापैकी ज्यांनी दुरुस्तीसाठी मालकाला लेखी नोटीस दिली असेल, त्यांनी तिची प्रत आणि गेल्या वर्षाच्या भाडेपावत्यांच्या झेरॉक्स दारापाशी बसलेल्या कार्यकर्त्यांकडे द्याव्यात. उत्तर आले नसेल, तरीही द्याव्यात.