पत्राची दुसरी बाजू दुसऱ्या घरात

नमस्कार श्रोतेहो. जुनं पत्र लिहिणाऱ्याच्या घरी सापडत नाही. ते सापडतं ज्याला लिहिलं त्याच्या घरी. अमेरिकेतल्या वेल्ड-ग्रिम्के कुटुंबाची कागदपत्रं वाचायला घेतली, की हे आधी ध्यानात ठेवावं लागतं.

सारा आणि अँजेलिना ग्रिम्के या बहिणी साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनच्या. माहेरी गुलाम राबत होते. दोघी घर सोडून उत्तरेत आल्या आणि गुलामगिरीविरुद्ध भर सभांतून बोलू लागल्या. १८३८ मध्ये अँजेलिनाचं लग्न थिओडोर वेल्ड या कार्यकर्त्याशी झालं. या तिघांची पत्रं आज ॲन आर्बर शहरात, मिशिगन विद्यापीठाच्या क्लेमेंट्स ग्रंथालयात आहेत.

१८४५ पर्यंत तिथे टपालखर्च कागदाच्या संख्येवर आणि अंतरावर ठरे. एका कागदाला तीस मैलांपर्यंत सहा सेंट, चारशे मैलांपलीकडे पंचवीस. पाकीट घातलं तर तोही एक कागद धरत. म्हणून पत्राचीच घडी घालून वर पत्ता लिहायचा आणि लाखेने बंद करायचं. पत्र उघडताना लाखेपाशी कागद फाटे. तिथले शब्द गेलेले असतात. नक्कल करताना ती जागा रिकामी दाखवावी, अंदाजाने भरू नये. जागा संपली की काही जण कागद आडवा करून आधीच्या ओळींवरूनच लिहीत. असं पान ओळीखाली पट्टी धरून एकाच दिशेने पुरं वाचावं, मगच फिरवावं.

शाई मायफळ आणि हिराकस या लोहक्षाराची. हो, बाळगुटीत उगाळतो तेच मायफळ. हिराकस जास्त पडलं की शाई आम्ल होते आणि अक्षरांच्या रेषेवरच कागद चिरतो. ओल लागली तर आणखी वेगाने. आणि श्रोतेहो, घरातली जुनी पत्रं कृपा करून लॅमिनेट करू नका. त्या प्लॅस्टिकमधून कागद पुन्हा धड बाहेर येत नाही. चिकटपट्टीही नको.

आता १८६८ सालचं पत्र. वेल्ड कुटुंब तेव्हा बॉस्टनजवळ राहत होतं. तीस वर्षांपूर्वी या तिघांनी दक्षिणेतली हजारो वर्तमानपत्रं चाळून पळालेल्या गुलामांच्या जाहिराती कापून काढल्या होत्या, गुलामगिरीचा पुरावा म्हणून. साठी ओलांडली तरी अँजेलिनाची नजर तशीच होती. फेब्रुवारीत गुलामगिरीविरोधी साप्ताहिकात तिला एक बातमी दिसली: पेनसिल्व्हेनियातल्या लिंकन विद्यापीठात ग्रिम्के नावाच्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने भाषण केलं. ग्रिम्के हे आडनाव अगदी विरळ. तिने थेट त्या मुलालाच पत्र लिहिलं. माझं माहेरचं नाव ग्रिम्के, तू माझ्या एखाद्या भावाचा गुलाम होतास का, तुझं सगळं सांग.

त्या मुलाचं, आर्चिबाल्डचं, उत्तर आलं. तो तिच्या भावाचा, हेन्रीचा, मुलगा होता. आई नॅन्सी वेस्टन, हेन्रीच्या मालकीची गुलाम. हेन्रीच्या मृत्यूनंतर मुलांच्या सावत्र भावानेच त्यांना गुलाम म्हणून राबवलं. आर्चिबाल्ड पळाला आणि चार्ल्सटनमध्येच लपून राहिला. फ्रान्सिस हा धाकटा भाऊ विकला गेला.

अँजेलिनाने त्यांना भाचे म्हणून उघडपणे स्वीकारलं, त्याच वर्षी विद्यापीठात जाऊन भेटली. दोघी बहिणींनी शिक्षणाला पैसे दिले. आर्चिबाल्ड हार्वर्डमधून वकील झाला, फ्रान्सिस प्रिन्स्टनला शिकून धर्मोपदेशक.

पुन्हा सांगते: पत्र ज्याला लिहिलं, त्याच्या घरी शोधा. आर्चिबाल्डचे कागद वॉशिंग्टनमधल्या हॉवर्ड विद्यापीठात आहेत. ॲन आर्बरला आत्याचा संग्रह पाहून थांबलात, तर अर्धंच संभाषण हाती येईल.

सूचीत नाव शोधताना मात्र जपा. आर्चिबाल्डने १८८० मध्ये जन्मलेल्या मुलीचं नाव आत्याचंच ठेवलं; ती पुढे कवयित्री झाली. अँजेलिना ग्रिम्के वेल्ड ही आत्या, अँजेलिना वेल्ड ग्रिम्के ही मुलगी. शेवटचा शब्द पाहा, मगच खोका मागवा.