शेजारी हिटलर, पलीकडे गोल्डेनस्टाइन

मित्रहो, ३० सप्टेंबर १९९० रोजी ब्रिटनमधल्या 'गॅलेक्सी' या उपग्रहवाहिनीवर 'हाइल हनी, आय ॲम होम!' या विनोदी मालिकेचा पहिला भाग लागला. लेखक जेफ ॲटकिन्सन. काळ १९३८, स्थळ बर्लिन. हिटलर आणि एव्हा ब्राउन हे चारचौघांसारखं भांडणारं जोडपं, आणि शेजारच्या बिऱ्हाडात आर्नी व रोझा गोल्डेनस्टाइन हे ज्यू दांपत्य. ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन जेवायला यायचे आहेत, नेमक्या त्या वेळी शेजारी टपकू नयेत म्हणून हिटलरची धडपड चाललेली. पात्र दारातून आत आलं की टाळ्या, वाक्य पडलं की हशा. जुन्या अमेरिकी कौटुंबिक मालिकांचा सगळा थाट.

एवढा एकच भाग दाखवला गेला. पुढचे चित्रित झालेले भाग डब्यातच राहिले.

ब्रिटिश ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेने, बोर्ड ऑफ डेप्युटीजने, ही मालिका अभिरुचीहीन ठरवली. लेखकाची बाजूही ऐकण्यासारखी आहे. बहुतेक कलाकार ज्यूच होते, असं त्यांनी सांगितलं. त्यांचा रोख होता तो १९३८ साली हिटलरला चुचकारत राहिलेल्या राजकारणावर. हा हेतू मला प्रामाणिक वाटतो. तरीही आक्षेप घेणाऱ्यांना 'विनोद कळत नाही' असं म्हणून उडवून लावणं मला अन्यायाचं वाटतं.

कारण सांगतो. अशा मालिकेचा एक अलिखित नियम असतो: अर्ध्या तासात कितीही गोंधळ होवो, पुढच्या आठवड्यात सगळं पूर्ववत. शेजारी पुन्हा न विचारता घरात शिरणार, नवरा पुन्हा वैतागणार. आता १९३८चं बर्लिन आठवा. चेकोस्लोव्हाकियाचा एक भाग हिटलरला देऊन टाकणाऱ्या म्युनिक करारावर सह्या झाल्या, त्याही ३० सप्टेंबरलाच. त्यानंतर सहा आठवडेही झाले नाहीत तोच, ९ नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीभर सिनेगॉग, म्हणजे ज्यूंची प्रार्थनास्थळं, पेटवली गेली, ज्यूंची दुकानं फोडली गेली, सुमारे तीस हजार ज्यू पुरुषांना पकडून छळछावण्यांत धाडलं गेलं. आर्नी गोल्डेनस्टाइन खरा असता, तर त्या तीस हजारांत असू शकला असता. ज्याच्या घरातली माणसं तिथून परत आली नाहीत, त्या प्रेक्षकाला पडद्यावरचा 'पुढचा आठवडा' दिसत नाही. त्याला नोव्हेंबर दिसतो. हिटलर हास्यास्पद दिसला याचा त्याला राग नाही. हिटलरला त्रास देणारे शेजारी म्हणून आपली माणसं दाखवली, आणि त्यावर हशा पिकवला, हे त्याला सोसत नाही.

नाझींवरचा विनोद ज्यूंनी आधी स्वीकारला नव्हता असंही नाही. १९६५पासून सहा वर्षं अमेरिकेत 'होगन्स हीरोज' ही, जर्मनांनी पकडलेल्या दोस्त सैनिकांच्या युद्धकैदी छावणीवरची मालिका गाजली. तिच्यातला जर्मन कमांडंट क्लिंक साकारणारे व्हेर्नर क्लेम्पेरर स्वतः १९३३ साली जर्मनीतून बाहेर पडलेल्या कुटुंबातले. क्लिंक कधीही जिंकता कामा नये, ही त्यांची अट होती. त्याच मालिकेतले रॉबर्ट क्लॅरी बुखेनवाल्डच्या छावणीतून जिवंत परतले होते. त्यांना लोक विचारत, तुम्हाला हे करवतं कसं? युद्धकैद्यांची छावणी वेगळी आणि आम्ही भोगलं ते वेगळं, असं ते समजावून सांगत. विनोद कुठवर न्यायचा हे या दोघांनी नीट ठरवलं होतं. चार्ली चॅप्लिन यांनीही आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे की छावण्यांतली खरी भीषणता माहीत असती, तर 'द ग्रेट डिक्टेटर' हा हिटलरची खिल्ली उडवणारा चित्रपट आपल्याला करता आला नसता. १९४० साली त्यांना ती माहीत नव्हती. १९९०च्या प्रेक्षकाला माहीत होती.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. २००६ साली नवी मुंबईत, खारघरला, 'हिटलर्स क्रॉस' नावाचं रेस्टॉरंट उघडलं. त्यात विनोद नव्हता, विडंबनही नव्हतं. केवळ लक्ष वेधणारं नाव. मुंबईतल्या ज्यू समाजाने आक्षेप घेतला, आणि काही दिवसांतच मालकाने नाव बदलायचं मान्य केलं. एकेकाळी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या तेल गाळणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे, घरात मराठी बोलणारे बेने इस्राएल ज्यू आपलेच शेजारी आहेत. ती पाटी वाचून त्यांना काय वाटेल, हे नाव ठेवताना कुणी विचारलं नाही, आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांनीही ते त्यांनी सांगेपर्यंत मनात आणलं नाही.