कवार्थाचे तलाव आणि पाण्याचा तराजू

इथे कॅनडात, टोरांटोजवळच्या पीटरबरोला जाऊन आलेल्यांनी जरा हात वर करा बघू. वा, निम्म्याच्या वर आहात. आता तिथल्या लिफ्ट लॉकमध्ये, म्हणजे बोटींना वर-खाली नेणाऱ्या पाण्याच्या लिफ्टमध्ये, बोट वर चढताना पहिल्यापासून शेवटपर्यंत उभं राहून कोणी बघितलंय? तीन... चार. म्हणजे आजचा विषय मी बरोबर निवडलाय.

आपण टोरांटोहून दीड-दोन तास ड्राइव्ह करून कवार्थाला, म्हणजे पीटरबरोच्या आसपासच्या तलावांच्या भागात जातो, तलावाकाठी फोटो काढतो, बॉबकेजनला आइस्क्रीम खातो, फेनेलन फॉल्सचा धबधबा बघतो आणि संध्याकाळी ट्रॅफिक लागायच्या आत परत फिरतो. छानच आहे ते, मी पण कितीतरी वर्षं तेच केलं. पण बोटींना एका पातळीवरून दुसऱ्या पातळीवर नेणाऱ्या लॉककडे मी फक्त मध्ये येणारी जागा म्हणून बघायचो, आणि त्या सगळ्या तलावांची किल्ली तिथेच आहे हे मला फार उशिरा कळलं, म्हणून आज मुद्दाम त्यावरच बोलणार आहे.

आधी थोडक्यात भूगोल. ट्रेंट-सेव्हर्न वॉटरवे हा ३८६ किलोमीटरचा जलमार्ग, लेक ऑन्टॅरिओच्या बाजूला ट्रेंटनपासून निघतो आणि जॉर्जियन बेवर पोर्ट सेव्हर्नला संपतो. यात माणसाने खोदलेला कालवा तसा थोडाच, बाकी सगळे नद्या आणि तलाव एकमेकांना जोडलेले. १८३३ साली बॉबकेजनला पहिल्या लॉकचं काम सुरू झालं आणि अख्खा मार्ग सलग खुला झाला १९२० साली. सत्त्याऐंशी वर्षं! सरकारं आली-गेली, निवडणुकीला आश्वासन मिळायचं, मग काम परत थंड. आणि पूर्ण होईपर्यंत रेल्वे येऊन माल घेऊन गेली, जहाजं पण या लॉकमध्ये मावणार नाहीत एवढी मोठी झाली. व्यापारासाठी बांधलेला मार्ग मग सुट्टीवरच्या माणसांच्या वाट्याला आला.

'कवार्था' हे नाव सुद्धा सुट्टीवाल्यांसाठीच आलंय बरं का. कर्व्ह लेक या मूलनिवासी वस्तीतल्या मार्था व्हेटुंग यांनी १८९५ च्या सुमाराला 'कावाथा' असा शब्द सुचवला, प्रतिबिंबांची भूमी अशा अर्थाचा, आणि पर्यटनाची जाहिरात करणाऱ्यांनी तो बदलून कवार्था केला. सकाळी सहाला, वारा पडलेला असताना स्टर्जन लेकवर जाऊन बघा. झाडं वर किती आणि पाण्यात किती ते कळत नाही. त्या बाईंनी अगदी अचूक शब्द दिला होता.

आता लॉक. साध्या लॉकचं तत्त्व एका वाक्यात सांगतो, दोन्ही टोकांना दरवाजे असलेली एक लांबट टाकी, बोट आत घ्या, मागचे दरवाजे लावा, वरचं पाणी आत सोडा की बोट चढली, आतलं पाणी खाली सोडा की उतरली. पंप वगैरे काही नाही, पाणी स्वतःच्या उताराने येतं-जातं. बऱ्याच लॉकवर तर अजून हातानेच काम चालतं, उन्हाळ्यात पार्क्स कॅनडा या सरकारी खात्याने घेतलेली कॉलेजची पोरं-पोरी आडव्या दांड्याला छाती लावून गोल गोल चालतात आणि तो एवढा जड दरवाजा हळूहळू उघडतो. आपल्याकडच्या तेलाच्या घाण्याची आठवण येते.

बोटीने गेलात तर निळ्या रेषेपाशी थांबायचं, म्हणजे तुम्हाला लॉकमधून जायचंय हे त्यांना कळतं. आत गेल्यावर इंजिन बंद, सिगरेट बंद. भिंतीवर वरपासून खालपर्यंत काळ्या केबल लावलेल्या असतात, त्यांच्याभोवती आपला दोर नुसता घालायचा आणि टोक हातात धरायचं, गाठ अजिबात मारायची नाही. हे मी एवढं जोर देऊन का सांगतोय, तर पहिल्यांदा भाड्याने हाऊसबोट घेतली तेव्हा फेनेलन फॉल्सला उतरताना मी गाठ मारली होती. तिथे उतार सुमारे सात मीटर. पाणी सुटलं, सुरुवातीला काहीच जाणवत नाही, फक्त भिंतीचा ओला पट्टा वाढत जातो, शेवाळाचा थंड वास येतो, आणि मग एकदम दोर केबलला पीळ बसून अडकला आणि ताणून कडक झाला. बोटीची मागची बाजू वर राहायला लागली, आत कपाटातली भांडी घसरली, माझी मुलगी ओरडली. वर उभ्या असलेल्या, लॉकवर काम करणाऱ्या मुलीने एका क्षणात पाणी थांबवलं, आम्हाला शांतपणे सांगितलं काय करायचं ते, आणि दोर सैल होईपर्यंत थोडं पाणी परत आत घेतलं. वीस-एकवीस वर्षांची असेल. तिचं लक्ष एक मिनिट जरी फोनमध्ये असतं तर आमचं काय झालं असतं याचा विचार मी अजून करतो.

बरं, आता पीटरबरोचा लिफ्ट लॉक, हा माझा जीव की प्राण. ९ जुलै १९०४ ला सुरू झाला. रिचर्ड बर्ड्सॉल रॉजर्स नावाचे इंजिनिअर, ते युरोपात जाऊन इंग्लंड, फ्रान्स, बेल्जियममधल्या बोट लिफ्ट बघून आले आणि इथे त्याहून उंच बांधली. उंची जवळजवळ वीस मीटर, आणि सगळं काँक्रीट, आत लोखंडाच्या सळ्या नाहीत. एवढं करून पुढे त्यांच्यावर ठपका आला आणि त्यांना पद सोडावं लागलं, हे वाचलं तेव्हा मला फार वाईट वाटलं होतं, कारण त्यांची लिफ्ट आज एकशेवीस वर्षांनी पण चालतेय.

चालते कशी, तर तराजूसारखी. पाण्याने भरलेली दोन प्रचंड पारडी, एक वर असतं तेव्हा दुसरं खाली, प्रत्येकाखाली एकेक जाड दट्ट्या आणि दोन्ही दट्ट्यांच्या सिलिंडरमधलं पाणी नळाने जोडलेलं. वरच्या पारड्यात साधारण फूटभर पाणी जास्त घेतात, बस्स. तेवढ्या वजनाने ते खाली येतं आणि दुसरं वर जातं, दीड-दोन मिनिटांत. मग कोणीतरी विचारतंच, की वर मोठी बोट आणि खाली छोटी होडी असेल तर? काहीच फरक पडत नाही! तरंगणारी बोट तिच्या वजनाइतकं पाणी पारड्याबाहेर ढकलते, त्यामुळे बोट असो नसो, पाण्याची पातळी तीच तर पारड्याचं वजन तेच. आर्किमिडीज शाळेत सगळ्यांनीच पाठ केलाय, तो इथे डोळ्यासमोर वर-खाली होताना दिसतो. मुलांना नक्की दाखवा.

पण हे वरचं पाणी येतं कुठून? यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट ही आहे. मार्गाचा सर्वात उंच भाग म्हणजे बॉल्सम लेक, तिथून दोन्हीकडे उतार. पश्चिमेला कर्कफील्डला दुसरी लिफ्ट आहे, १९०७ ची, आणि ती ओलांडली की बोटींना वाट दाखवणाऱ्या लाल-हिरव्या तरंगत्या खुणांच्या, बॉयांच्या, बाजू उलट होतात, कारण आता तुम्ही उताराला लागलात. या सगळ्याला पाणी पुरवतात उत्तरेकडचे हॅलिबर्टनचे तलाव. वसंतात बर्फ वितळलं की ते धरणांनी भरून घेतात आणि उन्हाळाभर थोडं थोडं खाली सोडतात. म्हणजे ऑगस्टमध्ये कवार्थाच्या धक्क्यावर पाय सोडून बसतो तेव्हा वर कुठेतरी दुसऱ्या कोणाचा तलाव काठापासून मागे सरकत असतो.

आणि याच्याही आधी कोणाचं तरी गेलंय. राइस लेकचं नाव ज्यावरून पडलं तो जंगली तांदूळ, मनोमिन, तिथे उथळ पाण्यात दाट वाढायचा. इथले मूलनिवासी मिची सागीग लोक कनूतून, म्हणजे हलक्या होडीतून जायचे, एक जण होडी ढकलणार, दुसरा एका काठीने ताटं वाकवून दुसऱ्या काठीने दाणे होडीत झोडणार, काही दाणे पाण्यात पडणार, तेच पुढच्या वर्षीचं बियाणं. धरणांनी पाणी चढवलं आणि त्यातली कितीतरी शेतं बुडाली. मनोमिनला पाण्याची पातळी फार नेमकी लागते. आज कवार्थाच्या तलावांवर काही जण परत ते पेरतायत, आणि काही ठिकाणी कॉटेजवाल्यांना बोटीच्या वाटेत ते नको असतं, त्यावरून वाद झालेत. भातावर जगणाऱ्या घरातला असल्यामुळे असेल, पण पेरणाऱ्यांची बाजू मला लगेच पटते.

तर ठरवा आणि जा. लॉक मे महिन्याच्या व्हिक्टोरिया डे वीकेंडपासून ऑक्टोबरातल्या थँक्सगिव्हिंगपर्यंत चालू असतात, बोट नसली तरी काठावर उभं राहून बघता येतं, लिफ्ट लॉकच्या खालून तर रस्त्याचा बोगदाच जातो. गर्दी नको असेल तर सप्टेंबर. आणि बोट असेल तर एक रात्र लॉकच्या भिंतीला बांधून तिथेच मुक्काम करा. शेवटची बोट गेली, पोरं सायकली घेऊन घरी गेली, की बंद दरवाज्यांच्या फटीतून रात्रभर पाण्याची बारीक धार पडत राहते, आणि पाठीमागे अख्खा तलाव त्याच दरवाज्यांना टेकून उभा असतो.