आधी कौन्सिलचा नंबर, मग पुढचं शिक्षण
(बेळगावात नर्सिंगच्या विद्यार्थ्यांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

"मॅडम, एम.एस्सी. केलं की एनक्लेक्स द्यावी लागत नाही ना?" दर बॅचला कुणीतरी हे विचारतंच, म्हणून उत्तर आधीच देऊन टाकते. द्यावी लागते. एम.एस्सी. करा, पीएच.डी. करा, अमेरिकेत नर्स म्हणून पेशंटला हात लावायचा असेल तर ती परीक्षा पास व्हावंच लागतं. पदवी विद्यापीठ देतं आणि काम करायची परवानगी नर्सिंग कौन्सिल देतं. पहिली कितीही मोठी झाली तरी दुसरीची जागा घेत नाही.

आपल्याकडं हे पटकन लक्षात येत नाही, कारण इथं परवान्यासाठी वेगळी परीक्षाच नाही. जीएनएमची, म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी या डिप्लोमाची, परीक्षा राज्याचं डिप्लोमा नर्सिंग बोर्ड घेतं, बी.एस्सी.ची राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठ किंवा आपापलं अभिमत विद्यापीठ. निकाल लागला की मार्क्स कार्ड जोडून बेंगळूरच्या कर्नाटक स्टेट नर्सिंग कौन्सिलकडं अर्ज करायचा. कौन्सिल कागद तपासतं आणि नंबर देतं. तो मिळाला की तुम्ही आरएन आणि आरएम, म्हणजे नोंदणीकृत नर्स आणि मिडवाइफ. 1956 पर्यंत आपण मुंबई राज्यात होतो, तेव्हा बेळगावच्या नर्सनं मुंबईकडं बघायचं, आता बेंगळूरकडं. एकूण काय, आपला नंबर कायम लांबच्या गावाहून येतो.

परीक्षा नाही म्हणून पोरी नोंदणीला किरकोळ समजतात. निकाल लागला, नोकरी लागली, घरात लग्नाचं निघालं, मग "बघू की नंतर". हे "नंतर" पोस्ट बेसिकचा, म्हणजे जीएनएमनंतर करायच्या बी.एस्सी.चा, फॉर्म भरताना आडवं येतं. इंडियन नर्सिंग कौन्सिलचा नियम सरळ आहे. पोस्ट बेसिक बी.एस्सी.ला पीयूसी, म्हणजे बारावी, आणि जीएनएम तर हवंच, शिवाय राज्याच्या कौन्सिलची नोंदणी हवी. एम.एस्सी.लाही तेच, वर बी.एस्सी.ला किमान 55 टक्के आणि एक वर्षाचा अनुभव. या अनुभवात एक बारीक मेख आहे. बेसिक, म्हणजे बारावीनंतर थेट, बी.एस्सी. केलेल्यांचा अनुभव पदवीनंतरचाच धरतात. पोस्ट बेसिकवाल्यांना आधीचा चालतो किंवा नंतरचा. त्यामुळं खानापूरला किंवा निपाणीला जीएनएमवर वॉर्ड सांभाळलेली सिस्टर इथं फायद्यात असते, पण कागद असला तर. लहान नर्सिंग होममध्ये पगार हातात मिळतो, अपॉइंटमेंट लेटर मागायचं म्हणजे आपल्यालाच संकोच वाटतो. मागा. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, पद, सही आणि शिक्का. डॉक्टर रागावत नाहीत हो, फार तर "कशाला पाहिजे?" म्हणतील.

आता एनक्लेक्स. अमेरिकेत कॉलेज पास झालेल्या प्रत्येक नर्सला ती द्यावी लागते, तिथं जन्मलेलीला आणि आपल्या हुक्केरीच्या पोरीलाही. तिथं डिप्लोमावाल्या नर्सेसना पुढं बी.एस.एन., म्हणजे तिथली नर्सिंगची पदवी, करायची असेल तर कॉलेज आधी लायसन्स बघतं. मास्टर्सलाही तेच. नर्स प्रॅक्टिशनर, म्हणजे पेशंट तपासून औषधं लिहून देणारी नर्स, व्हायचं तर एवढ्यानं भागत नाही, मास्टर्सनंतर त्या त्या स्पेशालिटीची दुसरी राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते.

पेपर कॉम्प्युटरवर. कमीत कमी 85 प्रश्न, जास्तीत जास्त 150, वेळ पाच तास. ही परीक्षा तोंडी घेणाऱ्या खडूस एक्झामिनरसारखी आहे. बरोबर उत्तर दिलंत की पुढचा प्रश्न अवघड, चुकलात की जरा सोपा, आणि तुमच्याबद्दल त्याची खात्री पटली की मध्येच थांबवणार. त्यामुळं 85 ला स्क्रीन बंद झाली तर हर्षही नको आणि रडूही नको, दोन्ही निकाल शक्य असतात. एप्रिल 2023 पासून त्यात केस स्टडी आल्या आहेत. नर्सेस नोट्स, लॅब रिपोर्ट, व्हायटल्स (नाडी, बीपी, ताप) समोर ठेवतात आणि विचारतात, यातलं काळजीचं काय, आधी काय कराल, केल्यानंतर कशावरून कळेल की फरक पडला. "व्याख्या लिहा, प्रकार लिहा" करत वर आलेली आपली मुलं इथं अडखळतात. उलट रात्रपाळीत एकटीनं बारा बेड बघितलेली सिस्टर, जिचं इंग्रजी तुटकं आहे, ती बरोबर उत्तराकडं जाते. इंग्रजी सुधारता येतं, ती नजर वॉर्डातच मिळते.

परीक्षेआधी तुमच्या शिक्षणाची तपासणी होते. मेडिकल, सर्जिकल, मॅटर्निटी, बालरोग, मानसिक आरोग्य, प्रत्येक विषयाचे थिअरीचे आणि क्लिनिकलचे तास वेगवेगळे मागतात. हा हिशेब म्हणजे ट्रान्सक्रिप्ट, ते कॉलेजनं द्यायचं, आणि नोंदणीचं व्हेरिफिकेशन कौन्सिलनं परस्पर पाठवायचं. तुम्ही हातानं नेऊन दिलेला कागद चालत नाही.

आणि नाव. हसू नका. आपल्या भागात याच्याइतकं कशानंच कुणाला छळलेलं नाही. घरी ज्योती परशराम पाटील. शाळेत एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डवर ज्योती पी., आणि इंग्रजीत लिहिताना टीनंतर एच, कारण आपल्या राज्यात 'त' तसाच लिहितात. आधारवर एच नाही. लग्नानंतर पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव. परीक्षेच्या दारात ओळखपत्रावरचं नाव आणि परवानगीपत्रावरचं नाव जुळावं लागतं. अक्षराचा फरक पडला तर आत सोडणार नाहीत, आणि भरलेली फी गेली. ही फी डॉलरमध्ये असते, 200 डॉलर, अमेरिकेबाहेर देताना वर आणखी 150. तेव्हा पहिल्याच वर्षी सगळे कागद शेजारी शेजारी ठेवून बघा. दुरुस्ती कॉलेजात असताना सोपी जाते.

आपल्याकडंही पास झाल्यावर अशी परीक्षा हवी का? माझं मत, हवी. संसदेनं 2023 मध्ये नॅशनल नर्सिंग अँड मिडवाइफरी कमिशन कायदा केला, 1947 च्या इंडियन नर्सिंग कौन्सिल कायद्याची जागा घ्यायला, तेव्हा नियम बदलत जाणार हे धरूनच चाला. पण नुसती पोरींची परीक्षा घेऊन काय होणार? लॉगबुक, म्हणजे वॉर्डात केलेल्या कामाची वही, परीक्षेच्या आदल्या रात्री हॉस्टेलवर बसून भरलेलं मी बघितलंय. न बघितलेल्या डिलिव्हऱ्या त्यात सुबक अक्षरात असतात. कॉलेजला पुरेसे बेड आहेत का, मुलगी लेबर रूममध्ये खरंच उभी राहिली का, ही तपासणी आधी. ती न करता परीक्षा आणली तर क्लासवाल्यांचं फावेल, आणि चिकोडीच्या शेतकऱ्यानं आणखी एक कर्ज काढायचं.

चंदगडच्या एका सिस्टरची चिठ्ठी आली आहे. शिक्षण बेळगावात, नोंदणी कर्नाटकची, आता कोल्हापूरला नोकरी आणि तिथंच पुढं एम.एस्सी., तर ही नोंदणी चालेल का? तुमची कर्नाटकची नोंदणी खोटी ठरत नाही, पण महाराष्ट्रात काम करायला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडं नोंद करून घ्यावी लागते, आणि त्यासाठी बेंगळूरहून ना हरकत दाखला लागतो. दोन कौन्सिलांमधली कागदांची ये-जा वेळ खाते, म्हणून प्रवेशाची जाहिरात यायची वाट बघू नका. आणि एम.एस्सी. झाल्यावर ती वाढीव पात्रताही कौन्सिलकडं चढवायची असते, ते बऱ्याच जणी विसरतात. चिठ्ठीत लग्नाचं काही लिहिलेलं नाही, पण ठरलं असेल तर नोंदणीवरचं नाव बदलायचं की नाही हे हा अर्ज घालायच्या आधी ठरवा, मध्येच नको.